दोन जुने कॅमेरे आणि एक मोटार

फोटोग्राफी शिकण्यासाठी जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा म्हटलं की फिरूनफिरून दोन नावं पुढे येतात: निकॉन डी३१०० आणि कॅनन ११००डी. पहिला ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झाला, दुसरा फेब्रुवारी २०११ मध्ये. दोन्ही आपापल्या कंपनीचे सर्वांत खालच्या पायरीवरचे मॉडेल, एकमेकांना टक्कर द्यायलाच आणलेले. माझ्याकडे दोन्ही आहेत. ११००डीवर मी शिकलो, डी३१०० पुढे कामाला जोडीला आला आणि आता दोन्ही शिकाऊ मंडळींच्या हातात फिरत असतात. त्यामुळे ‘यातला कुठला घेऊ?’ हे मला सारखं विचारलं जातं. विचारणारा बहुतेक वेळा आकड्यांचा तक्ता पाठ करूनच आलेला असतो.

तो तक्ता आधी उरकून टाकू. निकॉन १४.२ मेगापिक्सेल, कॅनन १२.२. ऐकायला दोनचा फरक मोठा वाटतो, पण फोटोची रुंदी पाहिली तर ४६०८ विरुद्ध ४२७२ पिक्सेल, म्हणजे जेमतेम आठ टक्के. भिंतीवर लावायची प्रिंट काढली तरी ओळखू येणार नाही. फोकस पॉइंट, म्हणजे चौकटीतल्या ज्या जागांवर कॅमेरा फोकस धरू शकतो त्या, ११ आणि ९, पण दोन्हीकडे भरवशाचा तो मधलाच. स्क्रीन ३ इंची आणि २.७ इंची, दोन्ही २,३०,००० डॉटच्या, त्यामुळे फोटो शार्प आला की नाही हे झूम केल्याशिवाय कुठल्याच स्क्रीनवर कळत नाही. व्ह्यूफाइंडर दोन्हीत आरशांचा, छोटा आणि थोडा अंधारा, चौकटीचा सुमारे ९५ टक्के भाग दाखवणारा. वेग सेकंदाला तीन फोटो. कॅनन मात्र रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल साठवताना, दोनवर येतो.

आता तक्त्यात एका बारीक ओळीत असतं ते. डी३१००च्या बॉडीत, म्हणजे लेन्स वगळून उरलेल्या कॅमेऱ्यात, लेन्स फिरवून फोकस करणारी मोटार नाही.

निकॉनचा एफ-माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, १९५९ पासून चालत आलेला. ऑटोफोकस आला तेव्हा त्यांनी माउंट तोच ठेवला आणि मोटार बॉडीत बसवली. बॉडीतला एक छोटा स्क्रू लेन्स फिरवायचा. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट सरळ मोडीत काढून ईएफ आणला आणि मोटार प्रत्येक लेन्समध्ये घातली. त्या वेळी जुने कॅननवाले चिडले असणार, पण आज सेकंडहँड घेणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. १९८७ नंतरची कुठलीही ऑटोफोकस ईएफ लेन्स ११००डीवर लावा, फोकस होते. डी३१००वर मात्र ज्यांच्या पोटात स्वतःची मोटार आहे अशाच लेन्स ऑटोफोकस करतात. निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस अशी अक्षरं शोधायची.

नवशिक्याची गाडी नेमकी इथे अडते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सनंतर पहिली घ्यायची लेन्स म्हणून सगळे ५० मिलिमीटर एफ/१.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, सुचवतात. निकॉनमध्ये तिची जुनी ‘डी’ आवृत्ती स्वस्तात मिळते, डी३१००वर बसते, उजेड मोजणारा मीटरही चालतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. व्ह्यूफाइंडरच्या खाली डावीकडे हिरवा ठिपका पेटला की फोकस लागला असं समजायचं. बसलेल्या माणसासाठी हे जमतं, पळणाऱ्या पोरासाठी नाही. डी३१०० घेणार असाल तर ‘जी’ आवृत्तीची ५० किंवा डीएक्सची (छोट्या सेन्सरसाठीची) ३५ मिलिमीटर एफ/१.८ शोधा. दोन्हींत मोटार आहे, आणि या छोट्या सेन्सरवर ३५च जास्त कामाची. कॅननची जुनी ५० एफ/१.८ दुसरी आवृत्ती प्लॅस्टिकची, माउंटसकट. फोकस करताना करकरते, पण करते.

उलट्या बाजूचाही एक सापळा आहे. निकॉनच्या नव्या किट लेन्स एएफ-पी प्रकारच्या असतात. ‘नवी आहे म्हणजे चालेल’ असं गृहीत धरून कुणी ती डी३१००ला लावली तर ऑटोफोकस तर नाहीच, हातानेही फोकस होत नाही, कारण तिची रिंग इलेक्ट्रॉनिक आहे आणि या कॅमेऱ्याला तिच्याशी बोलताच येत नाही. जाहिरातीत ‘१८-५५ लेन्ससह’ लिहिलं असेल तर कुठली १८-५५, हे विचाराच.

आणखी एक गंमत. निकॉनची जुनी, हाताने फिरवायची एआय लेन्स डी३१००वर लावली तर मीटर बंद पडतो. एम मोडमध्ये, म्हणजे सगळं हाताने ठरवत, अंदाजाने फोटो काढत बसायचं. तीच लेन्स साध्या अ‍ॅडॉप्टरने ११००डीवर लावा, एव्ही मोडमध्ये (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, आपण ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा) मीटर चालतो! निकॉनमध्ये माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ मिलिमीटर आणि कॅननमध्ये ४४, त्यामुळे मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये अ‍ॅडॉप्टरची चकती मावते. उलट, कॅननची लेन्स निकॉनवर अशी सरळ बसत नाही. घरात कुणाच्या तरी फिल्मच्या जमान्यातल्या निकॉन लेन्स पडून असतील, तर विचित्र वाटेल, पण बॉडी कॅननची घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, दहापट मोठं करून हाताने फोकस करायला शिकण्यासाठी यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

लेन्सनंतर माझ्या लेखी हाताला महत्त्व आहे. दोन्ही कॅमेऱ्यांना डायल एकच. एम मोडमध्ये त्याच डायलने शटर स्पीडही बदलायचा आणि अ‍ॅपर्चरही. निकॉनमध्ये डायल मागे, अंगठ्याखाली. अ‍ॅपर्चर बदलायचं तर शटरजवळचं अधिक-उणेचं बटण तर्जनीने दाबून धरायचं आणि अंगठ्याने डायल फिरवायचा. कॅननमध्ये बरोबर उलट: डायल वर, तर्जनीखाली, आणि एव्हीचं बटण मागे अंगठ्याने दाबायचं. त्यात डी३१००च्या मीटरपट्टीवर अधिक डावीकडे आणि उणे उजवीकडे, कॅननच्या पट्टीवर याच्या उलट. लेन्सही एकाची घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बसते, दुसऱ्याची विरुद्ध दिशेने. एकदा हाताला वळण लागलं की दुसरा कॅमेरा परका वाटतो, म्हणून शिकायला बसलेल्याला मी मधेच कॅमेरा बदलू देत नाही. शक्य असेल तर दोन्ही हातात घेऊन, व्ह्यूफाइंडरवरून डोळा न हलवता अ‍ॅपर्चर आणि शटर दोन्ही बदलून बघा. ज्यावर बोटं अडखळत नाहीत तो तुमचा. कॅननवर आयएसओला (उजेडासाठीची संवेदनशीलता) स्वतंत्र बटण आहे, निकॉनवर नाही; तिथे पुढच्या एफएन बटणाला आयएसओचं काम द्यायचं आणि विसरून जायचं. डी३१००मध्ये ‘गाइड’ नावाचा शिकवणी मोडही आहे. पहिल्या दिवशी बघायला ठीक, त्यात मुक्काम करू नका.

फोटोच्या दर्जात निकॉन पुढे आहे, हे कॅननवर शिकूनही मान्य करतो. फरक दिसतो तो रॉ फाइलमधल्या सावल्या उजळवताना. खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा फोटो घ्या, बाहेरचा उजेड सांभाळून एक्सपोजर लावा आणि मग कॉम्प्युटरवर चेहरा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वर खेचा. निकॉनच्या फाइलमध्ये दाणे येतात, पण सारखे, शांत. ११००डीच्या फाइलमध्ये काळ्या भागात बारीक पट्टे डोकं वर काढतात आणि ते नॉइज कमी करूनही नीट जात नाहीत. कागदोपत्री कॅननची रॉ १४ बिट आणि निकॉनची १२, तरी निकाल असा! एक्सपोजर जागेवरच नीट लावलं तर दोन्ही फोटो शेजारी ठेवून ओळखता येणार नाहीत.

मीटरिंगमध्येही निकॉनच शिकायला बरा. त्यात खरं स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं, आहे आणि ते निवडलेल्या फोकस पॉइंटवर चालतं. ११००डीत स्पॉट नाहीच; मधला सुमारे दहा टक्के भाग मोजणारं ‘पार्शियल’ त्यातल्या त्यात जवळचं. उलट ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमीजास्त एक्सपोजरने लागोपाठ टिपणं) कॅननमध्ये आहे, निकॉनमध्ये नाही. ट्रायपॉडवर निसर्गचित्रं किंवा घरांच्या आतले फोटो काढणाऱ्याला ते हवं असतं, बाकीच्यांना कधीमधी.

व्हिडिओसाठी कुठलाच घेऊ नका. निकॉन १०८०पी करतो, कॅनन ७२०पी. बाहेरचा माइक लावायची सोय दोन्हीत नाही, आणि एक्सपोजर कॅमेराच ठरवतो.

मग घ्यायचा कुठला? पाटी कोरी असेल, लेन्स एकही नसेल आणि फोटोच शिकायचे असतील, तर मी डी३१०० हातात देतो, सोबत एएफ-एस १८-५५ व्हीआर, म्हणजे स्थिरीकरण असलेली. ओळखीत, नात्यात किंवा कॉलेजात कुणाकडे कॅननच्या लेन्स उसन्या मिळणार असतील, तर निकॉनचा विचारही नको, सरळ ११००डी. बॉडी आज ना उद्या बदलते, लेन्सचं गोत्र सहसा सुटत नाही.

घेताना काय बघायचं तेही सांगतो. ११००डी काही ठिकाणी स्थिरीकरण नसलेल्या १८-५५ ‘थ्री’ लेन्ससह विकला गेला होता. लेन्सवर आयएस ही अक्षरं नसतील तर ती लेन्स किमतीत धरू नका. लेन्स काढून टॉर्च तिरका धरून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, परत द्या. सेन्सर आपोआप झटकण्याची सोय निकॉनमध्ये आहे, ११००डीत नाही. त्यामुळे अ‍ॅपर्चर एफ/१६ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा, मुद्दाम फोकस चुकवून, एक फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर ती धूळ. ब्लोअरने गेली तर ठीक, नाहीतर सफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. शटर किती वेळा चाललं हे निकॉनमध्ये फोटोच्या एक्झिफमध्येच (फाइलच्या आत साठवलेली माहिती) लिहिलेलं असतं, एक जेपेग मागवली की घरबसल्या कळतं. कॅननमध्ये त्यासाठी कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, म्हणून लॅपटॉप घेऊनच जा. विकणारा ‘फारसा वापरलेलाच नाही’ म्हणत असेल आणि शटरच्या बटणाभोवतीचा रंग उडालेला असेल, तर विश्वास रंगावर ठेवा.