संवर्धन शिकायला युरोपात जाताय? या चुका टाळा

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास काही विद्यार्थी जुन्या वास्तूंचं आणि चित्रांचं संवर्धन युरोपात शिकण्यासाठीचे त्यांचे अर्ज माझ्याकडे वाचायला पाठवतात. कुणी आर्किटेक्चरचं, कुणी पुरातत्त्वाचं, कुणी चित्रकलेचं. गुण चांगले असतात, तळमळ खरी असते. तरी अर्ज अडतात, आणि कारणं बहुतेक वेळा तीच असतात.

पहिली चूक अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात सापडते: ‘अजिंठ्याचे फ्रेस्को पाहून मला संवर्धनाची ओढ लागली.’ फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेलं चित्र. चुना सुकताना रंग त्यातच पक्के होतात. अजिंठ्याचा गिलावा मातीचा आहे. त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू मिसळलेले, वर पांढरा पातळ थर, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवून लावलेले रंग. इटलीतल्या परीक्षकाचं आयुष्य फ्रेस्कोसमोर गेलेलं असतं, त्याला ही चूक लगेच दिसते. आणि हा नुसता शब्दाचा प्रश्न नाही. मातीचा गिलावा पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे त्याची सफाईही फ्रेस्कोसारखी करता येत नाही.

दुसरी चूक पोर्टफोलिओची. संगणकावर रंगवलेली वीस चकचकीत पानं नकोत. आजोळच्या वाड्याची एक भिंत घ्या. मोजमापांसह आरेखन करा. पाणी कुठून शिरतं, क्षार कुठे फुलून आलेत, कुणी सिमेंट लिंपलंय आणि ओल अडकल्यामुळे शेजारचा चुना कसा भुसभुशीत झालाय, ते त्यावर दाखवा. त्याच जागेचा पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा फोटो तारखेसह जोडा. अशी दोन पानं मी स्वतः त्या वीस पानांच्या वर ठेवीन. मात्र नमुना म्हणून किल्ल्यावरचा गिलाव्याचा तुकडा खिशात घालू नका. संरक्षित स्मारकाला असा हात लावणं गुन्हा आहे.

अभ्यासक्रम निवडताना देशाचं नाव पाहिलं जातं, आत काय शिकवतात ते नाही. प्राचीन वास्तूंच्या संरचनेवरचा एक वर्षाचा संयुक्त अभ्यासक्रम मिन्हो, बार्सिलोना, पादोव्हा आणि प्राग इथली विद्यापीठं मिळून चालवतात. वर्ग एका देशात, प्रबंध दुसऱ्या देशात. तो मुख्यतः अभियंत्यांसाठी आहे. तिथे भिंतीची ताकद मोजतात, चित्रं साफ करायला शिकवत नाहीत. चित्रांवर हाताने काम शिकायचं तर रोमची केंद्रीय संवर्धन संस्था किंवा फ्लॉरेन्सची ओपिफिचिओ ही संवर्धन संस्था आहे, पण तिथे इटालियनशिवाय निभाव लागणार नाही. रोममधल्याच इक्रोम या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेचे बरेचसे वर्ग आधीच नोकरीत असलेल्यांसाठी असतात.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास अडचण येते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर वेगळाच क्रम. तिकडच्या कार्यालयाला ही दोन माणसं वाटतात. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा, नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. अपोस्टिलला, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावेत म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याला, वेळ लागतो; प्रवेशाचं पत्र येईपर्यंत थांबू नका. इटलीत पोचल्यावर निवास परवान्याचा अर्ज कामाच्या आठ दिवसांत द्यावा लागतो. घर शोधण्याच्या गडबडीत हे दिवस कधी सरले ते कळत नाही.

फक्त एका सत्रासाठी जात असाल तर विषयांच्या करारावर तिघांच्या सह्या हव्यात: तुमची, इथल्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची. तिकडे गेल्यावर एखादा विषय रद्द झाला, तर त्याच आठवड्यात बदल लेखी मंजूर करून घ्या. विभागप्रमुखांनी फोनवर ‘बघू नंतर’ म्हटलं, एवढ्यावर विसंबून राहिलेल्यांची श्रेयांकं परतल्यावर अडकलेली मी पाहिली आहेत.

परांचीवर चढल्यावर आपल्या मुलांना चित्राला हात लावायची घाई होते. आपल्याकडे चांगलं काम म्हणजे ‘अगदी नव्यासारखं’ दिसणारं काम. रोमच्या संस्थेत, संवर्धनाचे इटालियन सिद्धांतकार चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेत, चित्राचा गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरतात. दुरून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की नवा हात ओळखू येतो. हे आधी वाचून जा, पण तिकडचं तेवढंच खरं असं मानूनही परत येऊ नका. आपल्या देवळांत रोज पूजा होते, मूर्तीला शेंदूर चढतो, जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानतात. वर्गात हा प्रश्न जरूर मांडा. अस्सलपणाचे निकष प्रत्येक संस्कृतीत वेगळे असू शकतात, हे 1994च्या नारा दस्तऐवजाने मान्य केलं आहे.

सर्वात महाग चूक परतल्यावरची: तिकडची पद्धत इथे न तपासता वापरणं. तिचा दाखला पुन्हा अजिंठ्यातच आहे. 1920 ते 1922 या काळात निजामाच्या बोलावण्यावरून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन संवर्धक तिथे आले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी मोठ्या कष्टाने पक्का केला, ते काम मोलाचंच होतं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वार्निशही दिलं. ते पुढे पिवळं पडलं, त्याखाली रंग झाकोळले, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची वर्षं गेली. तिकडून शिकून आलेलं द्रावण कोकणातल्या जांभ्यावर लावायचं असेल, तर आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर लावा, तारीख लिहून ठेवा आणि एक पावसाळा जाऊ द्या.