रुग्णाला कळेल असे सांगावे कसे

रक्ताच्या तपासणीसाठी ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या’ असे सांगितले, की मराठवाड्यातल्या खेड्यातून येणारा माणूस प्रामाणिकपणे उपाशी येतो, म्हणजे भाकरी न खाता येतो. पहाटे घेतलेला चहा त्याच्या हिशेबात खाण्यात धरलेलाच नसतो. एखाद्या मावशींना ‘उपाशी’ म्हणजे उपवास वाटतो आणि त्या शाबुदाण्याची खिचडी खाऊन येतात. मग साखर जास्त दिसते, तपासणी पुन्हा करावी लागते, आणखी एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते, आणि दवाखान्यात मात्र ‘ही माणसे सांगितलेले ऐकत नाहीत’ असा शेरा मिळतो. हा शेरा अन्यायाचा आहे. त्यांनी ऐकले होते आणि जे ऐकले तसेच ते वागलेही होते. अपुरा होता तो आपला शब्द.

ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खासगी दवाखान्यात रुग्णांशी बोलणाऱ्या डॉक्टर, सिस्टर, औषधविक्रेते आणि आशाताई यांच्यासाठी, तसेच माहितीपत्रके लिहिणाऱ्यांसाठी मी पुढील गोष्टी मांडत आहे. त्या सर्वांच्या मुळाशी एकच कसोटी आहे: सांगितलेली गोष्ट रुग्णाला घरी जाऊन करता आली पाहिजे. म्हणून ‘उपाशीपोटी’ या एका शब्दाऐवजी असे सांगावे: “रात्री नऊ वाजता जेवण उरका. त्यानंतर साधे पाणी सोडून काही घेऊ नका. सकाळी चहा, दूध, बिस्कीट, तंबाखू, मिसरी यांतले काहीही रक्त देईपर्यंत नको. रक्त दिल्यावर लगेच खाता यावे म्हणून भाकरी सोबत बांधून आणा.” ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी त्या सकाळी ते कधी घ्यायचे हे आपण डॉक्टरांना विचारून त्यांना वेगळे सांगावे, अन्यथा औषध घेऊन रिकाम्या पोटी रांगेत उभ्या असलेल्या माणसाची साखर एकदम उतरून त्याला घेरी येऊ शकते.

शब्द कोणते वापरावेत

सोपे मराठी म्हणजे शुद्ध मराठी, हा समज आधी सोडावा लागतो. ‘मधुमेह’, ‘उच्च रक्तदाब’, ‘मूत्रपिंड’, ‘प्रतिजैविक’ हे शब्द भिंतीवरच्या फलकांवर असतात. लोकांच्या तोंडी मात्र शुगर, बीपी, किडनी आणि अँटीबायोटिक असतात. ‘निर्जलीकरण’ लिहिण्याऐवजी ‘अंगातले पाणी कमी होणे’ लिहावे, ‘रक्तक्षय’ऐवजी ‘अंगात रक्त कमी असणे’ म्हणावे. स्त्रियांच्या तक्रारींबाबत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण ‘अंगावरून पांढरे जाते का’ असे एखाद्या सिस्टरने हळू आवाजात, पडद्याआड विचारले तर बाई उत्तर देते, आणि तोच प्रश्न ‘श्वेतप्रदर’ असा छापला तर तिला तो आपल्यासाठी आहे हेच कळत नाही.

रूढ इंग्रजी शब्दही जपून वापरावे लागतात. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ हे ऐकताच नातेवाइकांचा चेहरा उतरतो, कारण निगेटिव्ह म्हणजे वाईट असे त्यांना वाटते; आणि ‘पॉझिटिव्ह’ ऐकून समाधानाने घरी गेलेली माणसेही असतात. येथे निकालाचा शब्द न उच्चारता अर्थ सांगावा: “थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत” किंवा “टीबीचे जंतू सापडले आहेत, औषध आजच सुरू करायचे आहे.”

मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि येथे दखनी-उर्दू बोलणारी कुटुंबे गावोगावी आहेत. तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. एकच मराठी पत्रक सर्वांना पुरेल असे धरून चालू नये. तांड्यावरच्या आशाताईंकडून चार वाक्ये गोरमाटीत बोलून घेऊन ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर ज्या आजींना मराठी जेमतेम समजते त्यांना ती पुन्हा पुन्हा ऐकता येतात.

उपमा द्यावी, पण ती रुग्णाच्या शिवारातली असावी. बीपीबद्दल बोलताना मी ठिबकच्या नळीचे उदाहरण देतो: आत दाब वाढला तरी बाहेरून नळी तशीच दिसते आणि एके दिवशी जोड निसटतो, तसेच बीपी वाढलेला असतानाही अंगाला काही जाणवत नाही, म्हणून डोके दुखले तरच गोळी घ्यायची असे चालत नाही. टीबीच्या औषधासाठी हराळीइतकी चपखल उपमा मला सापडलेली नाही. वरवर खुरपली की रान स्वच्छ दिसते, पण मुळे जमिनीत राहतात आणि ती पुन्हा फुटते. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढू लागते, तरी साध्या टीबीचे औषध सहा महिने घ्यावे लागते, हे शेतकऱ्याला या उपमेने लगेच पटते. मात्र त्याच वेळी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी, ती म्हणजे या गोळ्यांमुळे लघवी केशरी-लालसर होते. हे आधी कळले नाही तर माणूस ‘औषधाने रक्त जायला लागले’ म्हणून घाबरतो आणि दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतो.

‘शुगर’ या शब्दात मात्र एक फसगत दडलेली आहे. साखर बंद केली आणि गुळाचा चहा सुरू केला की पथ्य पाळले, असे अनेकांना वाटते. गुळानेही रक्तातली साखर वाढते, आणि ज्वारीची भाकरी पोटात गेल्यावर तिचीही साखरच होते, म्हणून ती बंद करायची नाही पण किती खायची हे ठरवायचे, असे ताट समोर ठेवून समजवावे.

मापे आणि वेळा

गोळी ‘दिवसातून तीन वेळा’ घ्यायची असे सांगितले, तर ज्या घरात सकाळी आठला शेताकडे निघून दुपारची भाकरी बांधावर खाल्ली जाते, तेथे दुपारची गोळी घरच्या फळीवर राहते. म्हणून वेळा घड्याळाला बांधण्यापेक्षा दिनक्रमाला बांधाव्यात आणि ‘दुपारची गोळी भाकरीच्या फडक्यात बांधून न्या’ असे स्पष्ट म्हणावे. दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याचे तितकेच परिणामकारक औषध उपलब्ध असेल, तर ते देता येईल का याचा विचार डॉक्टरांनीही करावा. पुढच्या भेटीची तारीख सांगताना गावचा बाजार कोणत्या वारी असतो ते विचारून तो दिवस दिला, तर तारीख विसरली तरी बाजार विसरत नाही.

पातळ औषधाचा ‘एक चमचा’ म्हणजे पाच मिलिलिटर, पण घरातले चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबतच्या झाकणावरची रेघ बोट ठेवून दाखवावी आणि तेथे पेनाने खूण करावी. तान्ह्या बाळाच्या तापाच्या थेंबांबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण पॅरासिटामॉलच्या थेंबांत औषध साध्या सिरपपेक्षा कितीतरी दाट असते. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. एकाचे माप दुसऱ्याला लावले तर बाळाला धोका होतो.

जुलाब झालेल्या लेकराच्या आईला ओआरएस समजावण्याचे काम तर तोंडी करूच नये. पाकिटावर सूचना छापलेली असते, पण प्रत्यक्षात आई पेलाभर पाण्यात चिमूटभर पूड टाकते आणि उरलेले पाकीट दुमडून ठेवते. तिच्यासमोर एक लिटरची पाण्याची बाटली ठेवावी, जी आता बहुतेक घरांत असते. मोठे पाकीट फोडून सगळे त्यात ओतावे, हलवावे, आणि मग दुसरे पाकीट तिच्या हाती देऊन तिलाच करायला लावावे. दोनशे मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, त्यामुळे हाती कोणते आहे ते आधी पाहावे. पुढचे बोलणे असे ठेवावे: “पाणी उकळून गार केलेले घ्या. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, घोट-घोट पाजा. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजा. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी ओतून द्या. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायची.” आणि शेवटी, आवाज थोडा बदलून: “डोळे खोल गेले, लेकरू पाणीच पिईना, मलूल पडले किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर रात्र असली तरी घेऊन या.” धोक्याची खूण नेहमी शेवटी आणि वेगळी सांगावी, म्हणजे ती बाकीच्या सूचनांत हरवत नाही.

समजले का, हे विचारू नये

‘समजले का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते, आणि ते म्हणजे ‘हो साहेब’. ‘नाही’ म्हणणे हा डॉक्टरांचा अपमान वाटतो, आणि मागे रांग उभी असते. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात बीपीच्या दोन गोळ्या रोज घ्यायला सांगितलेल्या एका वयस्क बाबांना मी विचारले, “घरी गेल्यावर सूनबाई विचारतील डॉक्टर काय म्हणाले, तेव्हा तुम्ही काय सांगाल?” त्यांनी बंडीच्या खिशातून दोन्ही पाकिटे काढली, तळहातावर नीट मांडली आणि म्हणाले, “डोकं दुखलं की ही घ्यायची, अन् पाय सुजले की ती.” तोपर्यंत त्यांनी तीनदा ‘समजलं’ म्हटले होते, आणि आम्ही तीनदा त्यावर विश्वास ठेवला होता.

तेव्हापासून मी हा प्रश्न कधी गाळत नाही. मात्र तो परीक्षा घेतल्यासारखा विचारू नये. “मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे, म्हणून तुम्ही एकदा मला सांगा,” असे म्हटले की चूक झाली तरी तिचे ओझे रुग्णावर येत नाही. उत्तर चुकले, तर तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या शब्दांत सांगावे आणि पुन्हा विचारावे. एका भेटीत तीनपेक्षा जास्त सूचना शक्यतो देऊ नयेत. याला दोन मिनिटे अधिक लागतात, आणि पन्नास रुग्णांची रांग असताना ती कोठून आणायची हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे, की हे काम डॉक्टरांनीच करावे असे नाही. औषध देणाऱ्या खिडकीवर किंवा बाहेरच्या बाकावर सिस्टरने केले तरी चालते, पण ते कोणी करायचे हे ठरलेले असावे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे बोलणे

संमतीपत्रावरची सही किंवा अंगठा म्हणजे संमती नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या प्रश्नाला दारिद्र्य, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, पाळीच्या दिवसांतले खाडे अशी अनेक मुळे आहेत, पण त्यात एक मूळ अपुऱ्या माहितीचेही आहे. ‘पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे वाक्य ऐकल्यावर लहान लेकरांची आई दुसरा कोणता निर्णय घेणार?

म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेआधी चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: त्रास नेमका कशाचा आहे, काय काढणार किंवा काय करणार, गोळ्या-औषधाने भागेल असा दुसरा मार्ग आहे का, आणि काही दिवस थांबले तर काय होईल. ‘पिशवी’ म्हणताना बीजांडकोशही काढणार आहेत का हे वेगळे सांगावे, कारण ते काढले तर तरुण वयातच पाळी जाण्याचे सगळे परिणाम लगेच सुरू होतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. धोका टक्क्यांत न सांगता माणसांत सांगावा: ‘दहा टक्के’ऐवजी ‘अशा शंभर बायकांपैकी दहा जणींना’, आणि लगोलग ‘नव्वद जणींना होत नाही’ हेही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची मोकळीक आपणहून द्यावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरचे ‘घाटी’ हे सरकारी रुग्णालय किंवा नांदेडचे विष्णुपुरीचे रुग्णालय येथे मत घेता येते, हे नाव घेऊन सांगितले तर ती मोकळीक खरी ठरते.

हातात द्यायचा कागद

घरी नेलेली चिठ्ठी अनेकदा रुग्ण स्वतः वाचत नाही. शाळेतून आलेला नातू ती आजोबांना वाचून दाखवतो. म्हणून पाचवीतल्या मुलाला न अडखळता मोठ्याने वाचता येईल, अशी वाक्ये असावीत. अक्षर मोठे असावे, एका ओळीत एकच सूचना असावी, आणि ‘बी. डी.’, ‘एच. एस.’, ‘एस. ओ. एस.’ या खुणांऐवजी ‘सकाळी व रात्री’, ‘झोपताना’, ‘त्रास झाला तरच’ असे लिहावे. पट्टी कापून गोळ्या देताना नाव आणि मुदत असलेला भाग रुग्णाकडे राहील असे पाहावे. चित्रे वापरायची असतील तर ती आधी चार-पाच रुग्णांना दाखवून ‘यात काय दिसते?’ असे विचारावे. चंद्राची कोर ही रात्रीची खूण आहे असे आपण धरतो, पण समोरच्याला त्यात अमावास्या किंवा ईद दिसू शकते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी हा कागद अधिक विचाराने तयार करावा, कारण पुढचे चार-पाच महिने त्यांचा डॉक्टर म्हणजे तोच कागद असतो. त्यावर आजाराचे नाव, औषधाचे मूळ नाव आणि ताकद देवनागरीबरोबर रोमन लिपीतही लिहावी, कारण टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली तर तेथील औषधविक्रेत्याला मराठी वाचता येईलच असे नाही. टीबीच्या रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक, ठळक लिहावा. त्यावर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यातही औषध चालू ठेवता येते. गर्भवतीच्या कागदावर अपेक्षित तारीख, रक्तगट आणि शेवटचे हिमोग्लोबिन असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही चालतो, हे सांगून तो त्यांच्याच मोबाइलमध्ये त्यांच्याच हाताने एकदा साठवून घ्यावा, आणि कागद पावसा-दवात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावा.