इंग्लंडात भाड्याचं घर घेतलंय? बुरशी, ओल आणि किडे असे ओळखा

ऑक्टोबर लागला की नवीन आलेल्यांचा प्रश्न येतोच, बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेत, काय करू? पुसायच्या आधी ते नेमके कुठे आलेत ते बघा आणि फोटो काढा. जागेवरून कारण कळतं आणि कारणावरून काम तुमचं की घरमालकाचं ते ठरतं.

खिडकीच्या कडेला, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे ठिपके असतील तर बहुतेक वेळा ती घरातली वाफ असते. आपल्याकडे रोज कुकर, डाळ-भात, त्यात हिवाळ्यात धुतलेले कपडे रेडिएटरवर, एका लोडमधूनच लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि थंड भिंतीवर जाऊन बसतं. सकाळी काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळत असेल तर हेच समजा. खिडकीच्या वर जी बारीक फट असते ना, ट्रिकल व्हेंट, ती थंडी येते म्हणून लोक टेप लावून बंद करतात, प्लीज करू नका. कपडे बाथरूममध्ये दार लावून, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून वाळवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दहाएक पौंडात हवेतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर मिळतो तो घ्याच, 40 ते 60 टक्के ठीक, सतत 70 च्या वर असेल तर बुरशी येणारच.

ओल जमिनीपासून वर चढून मीटरभर उंचीवर पिवळट रेघ दिसत असेल, प्लास्टरला पांढरा खार फुटला असेल तर पाणी खालून येतंय. पाऊस पडला की डाग गडद होतो, मग छताच्या कडेची पन्हळ (गटर) किंवा छत गळतंय. हे काम मालकाचं, तुम्ही कितीही खिडक्या उघडा, फरक पडणार नाही. तक्रार फोनवर नको, ईमेलवर, फोटो आणि तारखेसकट. दाद दिली नाही तर काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाकडे जा, घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी 2018 च्या कायद्याने मालकावर आहे. 'तुमच्या राहणीमुळे होतंय' हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका. रॉचडेलमध्ये 2020 साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीमुळे गेला, त्याच्याही आईवडिलांच्या राहणीवर असंच खापर फोडलं होतं. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून सोशल हाउसिंगला, म्हणजे काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनच्या भाड्याच्या घरांना, लागू झालाय. घरात लहान मूल किंवा दम्याचा पेशंट असेल तर ईमेलमध्ये तसं स्पष्ट लिहा.

आता किडे. बाथरूममध्ये रात्री लाइट लावला की चंदेरी, माशासारखं काहीतरी सुळकन पळतं, ती कसर. चावत नाही, पण दमटपणा आहे हे सांगते. उंदीर असेल तर सिंकखाली तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या दिसतील, पेन्सिल जाईल एवढं भोक त्याला पुरतं, म्हणून पाइपाभोवतीच्या फटी स्टील वूलने बुजवा.

आपल्या लोकांनी खरं सांभाळायचं ते कपड्यांच्या पतंगापासून. फिकट सोनेरी, नखापेक्षा लहान, उजेडाला न येता कपाटाच्या अंधारात लपतो. भोकं पाडतात त्याच्या अळ्या आणि त्या खातात लोकर आणि रेशीम, म्हणजे तुमची पैठणी आणि आईने दिलेली शाल. घड्यांमध्ये रेशमी जाळी किंवा वाळूसारखे कण दिसले तर सगळं बाहेर काढून झटका, लोकरीचं असेल ते पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, आणि कपाटाच्या फटी, कार्पेटच्या कडा व्हॅक्यूम करा.

सेकंडहँड गादी किंवा सोफा फुकट मिळतोय म्हणून लगेच उचलू नका, आधी शिवणी उलगडून टॉर्च मारा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर ढेकूण आहेत. घरात आलेच असतील तर अंथरूण दुसऱ्या खोलीत नेऊ नका, पसरतात. तिथेच पिशवीत बांधा, 60 डिग्रीवर धुवा आणि फवारणीसाठी माणूस बोलवा.