पाइनचा वास, ओझोन आणि भारतातून आलेले आई-बाबा

अटलांटात ओझोनचा हंगाम (जमिनीलगतच्या हवेत ओझोनचं प्रदूषण वाढतं तो काळ) सुरू होतो तेव्हाच, म्हणजे मेच्या सुमाराला, आपल्यातल्या बहुतेकांचे आई-बाबा भारतातून येतात. माझ्या सासऱ्यांना दमा आहे. भर दुपारी ते मागच्या अंगणात लोबलॉली पाइनखाली खुर्ची टाकून बसायचे आणि "काय शुद्ध हवा आहे!" म्हणत खोल श्वास घ्यायचे. त्यांना जे समजावलं तेच इथे लिहिते.

आधी वासाचं. तो मुख्यतः अल्फा-पायनीन, बीटा-पायनीन या मोनोटर्पिन गटातल्या रसायनांचा. कीड आणि बुरशी दूर ठेवण्यासाठी पाइन ती आपल्या राळेत साठवून ठेवतो. ऊन तापलं की ती उडतात. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की ढोबळमानाने १० टक्के जास्त. म्हणजे २५ अंशांच्या सकाळी जितकं बाहेर पडतं, त्याच्या जवळजवळ अडीचपट ३५ अंशांच्या दुपारी. शेजारचे ओक आणि स्वीटगम आयसोप्रीन सोडतात, पण त्याला उजेड लागतो, त्यामुळे ते रात्री थांबतात. पाइन रात्रीही चालूच असतो.

बाहेरच्या मोकळ्या हवेत नुसत्या वासाने बिघडत नाही. त्यात गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन मिसळलं की ओझोन तयार होतो, आणि दमेकऱ्याची छाती आवळते ती त्याने. १९८८ मध्ये जॉर्जिया टेकच्या शास्त्रज्ञांनी अटलांटाचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की इथली झाडंच इतकी हायड्रोकार्बन्स (वर सांगितलेली टर्पिनं आणि आयसोप्रीन यांसारखी रसायनं) सोडतात, की फक्त माणसांनी सोडलेली कमी करून ओझोन आटोक्यात येणं कठीण. नायट्रोजन ऑक्साइडच कमी करायला हवेत. म्हणून "प्रदूषण झाडं करतात" म्हणत करवत आणणाऱ्यांचं मला हसू येतं. झाडं हलणार नाहीत, गाड्या कमी करता येतील.

आता करायचं काय? सकाळी चहाच्या वेळी एअरनाऊवर (अमेरिकी सरकारच्या हवेची गुणवत्ता सांगणाऱ्या साइटवर) ओझोनचा आकडा पाहा. सूक्ष्म कणांचा वेगळा असतो, दोन्हींची गल्लत करू नका. १०१ ते १५० म्हणजे नारिंगी: दमेकरी, ज्येष्ठ आणि मुलांनी दुपारचं फिरणं टाळायचं. आकडा बरा असला तरी शतपावली सकाळीच उरकलेली चांगली, कारण ओझोन दुपारी चढतो आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. एन-९५ मास्क लावून काही उपयोग नाही. तो कण अडवतो, ओझोन हा वायू आहे.

आई-बाबांना स्मोकी माउंटन्सच्या डोंगरांत नेणार असाल तर मात्र सकाळचा नियम विसरा. शहरात रात्री, ऊन नसताना, गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड (नायट्रोजन ऑक्साइडपैकीच एक) उलट ओझोन खाऊन टाकतो. उंच कड्यांवर तो फारसा नसतो, त्यामुळे तिथे ओझोन रात्रभर टिकू शकतो. कुवोही शिखरावर (२०२४ पर्यंत याचं नाव क्लिंगमन्स डोम होतं, उंची ६,६४३ फूट) जायच्या आधी तिथला अंदाज वेगळा पाहा. वरून दिसणारी ती प्रसिद्ध निळसर झाक झाडांच्या वाफांपासून बनणाऱ्या सूक्ष्म कणांची. पांढुरकं, लांबचे डोंगर पुसून टाकणारं धुरकं दिसलं तर त्याचा दोष झाडांना देऊ नका. त्यात कोळशाच्या वीजकेंद्रांच्या सल्फेटचा वाटा वर्षानुवर्षं मोठा होता.

घरात लोक हमखास चुकतात. नारिंगी दिवशी खिडक्या बंद करून एसी लावा, आणि त्या दिवशी पाइन किंवा लिंबाच्या वासाच्या द्रवाने फरशी पुसू नका. त्यातली लिमोनीनसारखी टर्पिनं आत शिरलेल्या ओझोनशी मिसळली की फॉर्मल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार होतात. साधं पाणी आणि थोडा साबण पुरे. हवा शुद्ध करतो म्हणून जे यंत्र स्वतःच ओझोन सोडतं, ते फुकट मिळालं तरी घरात आणू नका.

मार्चमध्ये गाडीवर साचते ती पिवळी पूड हे पाइनचे परागकण, त्यांचा या हिशोबाशी संबंध नाही. अंगणात पसरलेल्या पाइन स्ट्रॉची (पाइनच्या वाळक्या सुयांची) काळजी करत बसू नका. पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र मात्र नारिंगी दिवशी बंद ठेवा, गाडीत पेट्रोल सूर्य मावळल्यावर भरा. आणि झाड तोडायचंच असेल तर थंडीत तोडा. ताज्या कापातून वासाचा लोंढा येतो, आणि थंडीत त्याला ओझोन बनवणारं ऊन नसतं.