सॉफ्टवेअर घेताना या चुका टाळा: आधी काम ठरवा, लॅपटॉप सगळ्यात शेवटी

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या राउंड सुरू झाल्या की पुण्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "आय फाईव्ह आहे, सोळा जीबी रॅम आहे, चांगलाय ना?" अहो पण कशासाठी चांगला? त्यावर काय चालवणार ते कोणी सांगतच नाही. मेकॅनिकलच्या पोराला सॉलिडवर्क्स लागणार, सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला टॅली आणि एक्सेल, नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याला श्रीलिपी आणि इनडिझाइन. या तिघांना तीन वेगळी मशीनं लागतात आणि सगळ्यात महाग मशीन या तिघांपैकी एकालाही चालणार नाही असं सुद्धा होऊ शकतं. मी पेठांमधल्या छोट्या ऑफिसांचे, प्रेसचे आणि ओळखीपाळखीतल्या पोरांचे कम्प्युटर बघतो, आणि बिघाड म्हणून जे माझ्याकडे येतं त्यातलं बरंचसं बिघाड नसतंच, चुकीची जोडी जमवलेली असते.

सगळं सॉफ्टवेअर एकाच जातीचं समजणं

एमएस-सीआयटीला आपण सगळ्यांनी पाठ केलंय, सिस्टिम सॉफ्टवेअर म्हणजे विंडोज वगैरे, आणि ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर म्हणजे ज्यावर आपण प्रत्यक्ष काम करतो ते. पुढे परीक्षा संपली आणि विषय संपला. पण ॲप्लिकेशनमध्येही जाती आहेत आणि प्रत्येकीची मागणी वेगळी. वर्ड, एक्सेल, लिबरऑफिस ही सगळ्यांच्या कामाची, बऱ्यापैकी कुठल्याही मशीनवर चालतात, त्यांच्यासाठी डोकं खाजवायची गरज नाही. दुसरी जात म्हणजे एका धंद्यासाठी बनलेली: ऑटोकॅड, रेव्हिट, टॅली, प्रीमिअर, फोटोशॉप. यांची मागणी काटेकोर असते आणि व्हर्जनगणिक बदलते, म्हणून "फोटोशॉपला किती रॅम" हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठलं फोटोशॉप ते आधी सांगा. तिसरी म्हणजे कोणाकडून तरी खास बनवून घेतलेली, सोसायटीचं मेन्टेनन्सचं, दवाखान्याचं, पतपेढीचं सॉफ्टवेअर. आणि चौथी ब्राउझरमध्ये चालणारी, जीएसटी पोर्टल किंवा ऑनलाइन बिलिंग.

कुठल्या जातीचं आहे ते कळलं की प्रॉब्लेम कुठे शोधायचा तेही निम्मं कळतं.

"मिनिमम"वर भागवणं

कंपनी दोन आकडे देते, मिनिमम आणि रिकमेंडेड. मिनिमम म्हणजे गर्दीच्या वेळी पीएमटीच्या पायरीवर एक पाय टेकायला मिळालेली जागा, बस आहे, तुम्ही बसमध्ये आहात, पण त्याला प्रवास म्हणायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज पुरतं. त्यावर क्रोमचे आठ टॅब आणि एक्सेल उघडून बघा म्हणजे कळेल. फोटोशॉपचं सध्याचं मिनिमम ८ जीबी आणि रिकमेंडेड १६, आता ८ जीबीच्या मशीनवर दोन-तीन जीबी विंडोजच खातं, प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक असेल तर तेही याच रॅममधून हिस्सा घेतं, मग उरलं किती? उरलेलं काम डिस्कवर ढकललं जातं आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर दहा फुटी फ्लेक्सची फाइल सेव्ह व्हायला लावून चहा पिऊन या. अशा मशीनला आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, मग रॅम. लोक उलटं करतात.

ग्राफिक कार्डाचीही एक गंमत आहे. वेगळं कार्ड असलेला महागडा लॅपटॉप घेतलेला असतो आणि सॉफ्टवेअर बिचारं इनबिल्ट ग्राफिकवरच चालत असतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे तुमचं सॉफ्टवेअर निवडून हाय परफॉर्मन्स करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यासाठी लोक लॅपटॉप परत करायला निघालेले असतात.

रॅम बघितली, चिप बघितलीच नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मुलानं हट्ट केला, आईवडिलांनी मॅकबुक घेऊन दिलं, मशीन म्हणून उत्तमच आहे ते. मग पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्सचा विषय येतो आणि कळतं की सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. रेव्हिटचंही तेच, म्हणजे आर्किटेक्चरवाल्यांनी सुद्धा कान टवकारा. ऑटोकॅडचं मॅकसाठी वेगळं व्हर्जन आहे, पण त्यात विंडोजवालं सगळंच मिळेल असं धरून चालू नका. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पनं विंडोज टाकता यायचं, नोव्हेंबर २०२० ला ॲपलची स्वतःची एम१ चिप आली, ती इंटेलच्या नाही तर आर्म नावाच्या वेगळ्याच जातीची, आणि तो रस्ता बंद झाला. आता पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून विंडोज चालतं पण ते आर्म चिपसाठीचं विंडोज असतं, त्यात जड कॅड चालवणं म्हणजे आपणच आपल्या जबाबदारीवर केलेला उद्योग.

आणि हे फक्त मॅकपुरतं नाही बरं का. आता विंडोजचे लॅपटॉपही स्नॅपड्रॅगन चिपवर येतात, बॅटरी छान चालते, तेही आर्मच. साधी सॉफ्टवेअरं त्यावर एम्युलेशननं, म्हणजे इंटेलच्या चिपची नक्कल करून, चालून जातात, पण ड्रायव्हर मात्र आर्मसाठीच बनलेला लागतो, त्यामुळे जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरचं डोंगल यातलं काहीतरी अडणार हे धरून चाला. दुकानात गेलात की सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा, तिथे सिस्टिम टाइप लिहिलेलं असतं, एक्स६४ (म्हणजे नेहमीची इंटेल-एएमडीची चिप) का आर्म ते वाचा. सेल्समनला विचारू नका, वाचा.

अजून एक छोटंसं. नवा कोरा लॅपटॉप, आणि स्टोअरबाहेरचं कुठलंच सॉफ्टवेअर इन्स्टॉल होऊ देत नाही? तो एस मोडमध्ये असेल. ॲक्टिव्हेशनच्या सेटिंगमधून स्टोअरमध्ये जाऊन फुकटात बाहेर पडता येतं, फक्त पुन्हा आत जाता येत नाही. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

बनवून घेतलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला नव्या मशीनवर तसंच नेणं

सोसायटीचे सेक्रेटरी काका नवीन कम्प्युटर घेतात, पेन ड्राइव्हवर जुना फोल्डर कॉपी करून आणतात आणि डबल क्लिक करतात. "धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी." मग मला फोन, "अरे कम्प्युटरच खराब निघाला." खराब नाहीये काका. सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं १६ बिटचं आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काही चालत नाही, मशीन कितीही भारी आणा. जुना डेटा बघण्यापुरतं डॉसबॉक्समध्ये चालवून घेता येतं, रोजच्या कामाला मात्र नवीन करून घेणंच बरं.

थोडं अलीकडचं असेल तर तक्रार वेगळी येते. डॉट नेट ३.५ मागितलं तर ते विंडोजमध्येच असतं, बंद ठेवलेलं असतं, कंट्रोल पॅनेलमधून टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ उघडून टिक करा. "एमएसव्हीसीपी१४०" नाहीतर "व्हीसीरनटाइम१४०" नावाची डीएलएल (सॉफ्टवेअरला चालायला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असं म्हटलं तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही टाका, कारण ६४ बिटच्या विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटचं असू शकतं. गुगलवर डीएलएलचं नाव टाकून कुठल्यातरी साइटवरून तेवढी एकच फाइल उतरवायची आणि सिस्टिम फोल्डरमध्ये ढकलायची हा प्रकार कृपा करून बंद करा, व्हायरसला वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत घेताय तुम्ही.

रिपोर्ट एक्सेलमध्ये काढल्यावर शेवटच्या नोंदी गायब दिसत असतील तर फाइल एक्सएलएस आहे का बघा. त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात.

मराठी चालतं का, हे न बघता सॉफ्टवेअर घेणं

हा आपला घरचा प्रश्न, त्यामुळे जरा सविस्तर. गणपतीच्या आधी दोन महिने अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही डीटीपीवाल्याकडे उभे राहा, मंडळाचा अहवाल घेऊन आलेला कार्यकर्ता दिसेल. मजकूर त्यानं मोबाइलवर टाइप केलेला असतो, म्हणजे युनिकोड, प्रत्येक भाषेतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी पद्धत. डीटीपीवाल्याकडे पेजमेकर, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन, ७, आलं २००१ मध्ये आणि त्याला युनिकोड कळतच नाही. मजकूर पेस्ट केला की नुसती प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन. यात कोणाचीच फाइल "करप्ट" नसते.

उलट दिशेनं गेलात तरी तीच कथा. श्रीलिपी, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं, प्रेसलाइनमधल्या जुन्या लोकांचा हात त्यावरच बसलेला. त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसतं मराठी पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, ती फक्त त्या फॉन्टच्या कपड्यात मराठी दिसतात. तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की कपडे उतरले, खाली नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावं लागतं, आणि कन्व्हर्ट झाल्यावर प्रूफ पुन्हा वाचायचं म्हणजे वाचायचंच. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" असले शब्द आणि रफार आधी बघा, मोडायचे असतील तर तिथेच मोडतात.

तिसरा प्रकार फोटोशॉप आणि इनडिझाइनचा. सॉफ्टवेअर नवं, मजकूर युनिकोड, फॉन्ट युनिकोड, तरी फ्लेक्सवर "मिरवणूक"ची वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते आणि "प्रतिष्ठापना"चे पाय मोडून "प्‌रतिष्‌ठापना" होतं. फॉन्टला शिव्या देऊ नका. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा (सीएस६ पासून ही सोय आहे), अक्षरं जागच्या जागी बसतात. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडीचा पर्याय असतो, तो निवडायचा, पण आधी टाइप केलेल्या लेयरवर त्यानं आपोआप फरक पडेलच असं नाही, नवीन फाइल उघडून तिथे पेस्ट करून बघा. हे एवढं न केल्यानं चौकाचौकात वीस फुटी "श्‌री" लागलेले आपण दरवर्षी बघतोच.

ब्राउझरमध्ये चालतं म्हणजे काहीच लागत नाही असं धरणं

लागतं की. डिजिटल सही करायची तर टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीच्या पोर्टलसाठी एमसायनर (सही करून देणारं छोटं सॉफ्टवेअर) हे मशीनवर असावंच लागतं, आणि एमसायनर चालू केलेलं नसेल तर सही होत नाही, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करून बघा. फ्लॅशवर चालणारी जुनी ट्रेनिंगं २०२० संपताना मेली, त्यांच्यामागे लागू नका. इंटरनेट एक्सप्लोररच मागणारं जुनं पोर्टल असेल तर एजमध्ये आयई मोड आहे, त्यात चालतं.

फाइल पुढे कोण उघडणार हे न विचारणं

तुमच्याकडे लेटेस्ट ऑटोकॅड, भोसरीतल्या व्हेंडरकडे २०१४ चं. तुम्ही डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंगची फाइल) पाठवता, तो म्हणतो उघडत नाही, तुम्ही पुन्हा पाठवता. २०१८ पासून पुढच्या सगळ्या ऑटोकॅडचा फाइल फॉरमॅट एकच आहे, त्याआधीच्याला तो कळत नाही, म्हणून सेव्ह ॲज करून २०१३ चा फॉरमॅट निवडा. रिक्वायरमेंटमध्ये समोरच्याचं मशीनही धरायचं असतं ते असं.

टॅलीचंही असंच. सिल्व्हर लायसन्स एका मशीनचं, गोल्ड ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना. सिल्व्हर घ्यायचं आणि मग "दुसऱ्या टेबलावर का चालत नाही" म्हणून भांडायचं, कशाला? आणि लायसन्स कायमचं असलं तरी अपडेट टीएसएसच्या (टॅलीच्या वर्गणीच्या) रिन्यूअलवर मिळतात, तो खर्च दरवर्षीच्या हिशेबात धरा. नव्या रिलीजवर कंपनीचा डेटा मायग्रेट करण्याआधी जुन्या फोल्डरची कॉपी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, मायग्रेट झालेला डेटा जुन्या रिलीजमध्ये परत उघडेल या भरवशावर राहू नका.

क्रॅकबद्दल एवढंच सांगतो की आधी अँटीव्हायरस बंद करा असं ज्या इन्स्टॉलरच्या सूचनेत लिहिलंय, तो तुमच्या हिशेबाच्या मशीनवर नको. विद्यार्थ्यांना तर गरजही नाही, ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं कॉलेजचा पुरावा दिला की एक वर्षासाठी फुकट मिळतात आणि विद्यार्थी आहात तोवर दरवर्षी वाढवून घेता येतात. बाकीच्या मोठ्या सॉफ्टवेअरांपैकी बऱ्याच जणांचं ट्रायल असतं. ते मित्राच्या, कॉलेजच्या, कोणाच्याही मशीनवर टाकून आपली खरी फाइल उघडून बघा, सॅम्पलची नाही, खरी, सगळ्यात जड असेल ती. ज्या मशीनवर ती नीट चालली तिथे विंडोज आणि आर दाबून "डीएक्सडायग" (dxdiag) चालवलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक सगळं एका जागी दिसतं, त्याचा फोटो काढा आणि मगच तापकीर गल्लीत नाहीतर शोरूममध्ये जा, भाव करायला.