अपघातातून उठून पुस्तक काढताय? मग या चुका टाळा

सोलापूर म्हणजे हायवेंचं गाव. पुणे-हैदराबाद ६५ नंबर इथूनच जातो, तुळजापूरकडनं येऊन विजापूरला जाणारा ५२ पण इथूनच. त्यामुळं गाडीवर फोन बघता बघता अपघात झाला, मांडीत रॉड पडला, वर्षभर घरात काढलं आणि आता 'यावर एक प्रेरणादायी पुस्तक काढावं म्हणतोय' असं म्हणणारा एखादा तरी ओळखीत निघतोच. काढा की, जरूर काढा. फक्त टायपिंगला आणि प्रुफाला येणाऱ्या वह्यांमध्ये त्याच त्याच चुका असतात, त्या आधीच बघून घ्या म्हणजे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचेल.

अपघात ऐंशीव्या पानावर

जन्म, शाळा, कुलदैवत, मामाचं गाव, पहिली नोकरी, आणि अपघात पान ८० ला. तिथपर्यंत कोण येतंय? अपघात पहिल्या दहा पानांत आणा, मामाचं गाव नंतर लागलं तर घ्या.

'सहा महिन्यांनी मी जिद्दीनं उभा राहिलो'

सगळ्यात मोठी चूक हीच. वाचकाला नेमके तेच सहा महिने पाहिजे असतात आणि लेखक ते एका वाक्यात उडवतो. ज्याच्या घरात आज कोणीतरी असंच पडून आहे तो माणूस तुमचं पुस्तक उघडणार, त्याला जिद्द हा शब्द नकोय, त्याला हे पाहिजे की बेडपॅन द्यायला घरात कोण होतं, वॉकर भाड्यानं आणला का विकत, गुडघा पहिल्या आठवड्यात किती वाकला आणि फिजिओवाल्यानं पुढं नेताना तुम्ही त्याला काय काय बोललात, मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात लाईट गेल्यावर प्लास्टरच्या आत सुटलेल्या खाजेचं काय केलंत, दुकान कोण बघत होतं, बायकोचं कुठलं सोनं गहाण पडलं आणि सुटलं का नाही. हे लिहिताना लाज वाटते हे खरंय. पण जिथं लाज वाटते ना, तिथंच पुस्तक चांगलं होतं असा माझा अनुभव आहे.

आणि शेवटी 'आज मी पूर्ण बरा आहे' असं ठोकून देऊ नका. जिना उतरताना अजून कठडा धरावा लागत असेल तर तसंच लिहा. प्रेरणा, सकारात्मकता, चिकाटी हे शब्द एका पानावर तीनदा आले तर दोन काढा, बिनधास्त काढा.

आठवत नाही तेही लिहायचं

डोक्याला जोराचा मार लागला की बऱ्याचदा अपघाताच्या आधीचा थोडा आणि नंतरचा बराच वेळ डोक्यात साठतच नाही, डॉक्टर लोक त्याला ॲम्नेशिया म्हणतात. तरी वहीत ॲम्ब्युलन्समधले दोन पानभर संवाद असतात! वाचक वेडा नाही. 'मला काही आठवत नाही, भावानं नंतर सांगितलं ते असं' एवढं लिहिलं तरी पुरतं, उलट जास्त खरं वाटतं. लिहायला बसण्याआधी डिस्चार्ज समरी, एफआयआर, पंचनामा, मेडिकलची बिलं तारखेनुसार लावून घ्या. बिलांवरनं जेवढं आठवतं तेवढं नुसतं डोळे मिटून बसल्यावर आठवत नाही.

फोनचा विषय गुळमुळीत सोडणं

'क्षणभर लक्ष विचलित झालं आणि नियतीनं घाला घातला.' नियती मधी कुठनं आली? फोन हातात होता ना? मग कॉल कुणाचा होता, उचलला का नुसता बघितला, रील चालू होती का पत्ता शोधत होता, ते लिहा. हिशोब पण द्या, सोपा आहे: ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते, म्हणजे पाच सेकंद मेसेज वाचला तर ११० मीटर गाडी न बघता चालली. पुणे रोडवर सावळेश्वर टोलनंतर रस्ता मोकळा मिळाला की ८० म्हणजे काहीच नाही.

कायदा पण एका ओळीत येऊ द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, पहिल्या वेळेला १,००० ते ५,००० रुपये दंड आणि कैदेची पण तरतूद आहे. 'ब्लूटूथ लावलं की झालं' असं मात्र लिहू नका, हात मोकळे राहतात पण डोकं त्या बोलण्यातच असतं. आणि लक्ष फक्त फोननंच जातं असं कुठंय? हेल्मेटमध्ये कोंबलेला मोबाईल असतोच, पण स्टेअरिंगवर कोपर टेकवून तंबाखू मळणारे, टाकीवर पोरगं बसवून त्याच्याशी गप्पा मारणारे, हे सगळे त्यात येतात. आपल्याकडचा वाचक यातच स्वतःला ओळखणार.

नावं छापणं

समोरच्या गाडीवाल्याचं नाव, हॉस्पिटलचं नाव, 'त्या डॉक्टरनं पाय वाया घालवला' असं थेट छापलं तर अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे. नाव बदललं पण गाव, गाडीचा नंबर आणि धंदा तसाच ठेवला तर काय उपयोग, सोलापुरात दोन मिनिटांत कळतं कोण ते. एफआयआरचा फोटो छापताना त्यातले मोबाईल नंबर आणि पत्ते झाका. आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस चालू असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय छापूच नका, तुमचंच वाक्य समोरचा वकील तुमच्यावर उलटवेल.

छपाईत बसणारे फटके

श्रीलिपीत (जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतो तसल्या मराठीत, नेला की रफार सरकतो. मग 'सर्जरी'ची 'सजर्री' आणि 'डिस्चार्ज'चा 'डिस्चाजर्' होतो, आणि असल्या पुस्तकात हे शब्द पानोपानी. स्क्रीनवर डोळा फसतो, म्हणून कागदावर प्रिंट काढून प्रूफ वाचा, आणि ते दुसऱ्या माणसाकडनं वाचून घ्या कारण स्वतःची गोष्ट आपल्याला पाठ असते.

एक्स-रेचे फोटो व्हॉट्सॲपवरनं पाठवू नका, साईज कमी होऊन छपाईत चिखल होतो. मूळ फाईल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके अशी, पाहिजे. पानं १६ च्या फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी पडणारी पानं) बसवा: १२८ पानं म्हणजे बरोबर ८ फॉर्म, १३१ झाली की कागद उगीच वाया. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विकत घेऊ नका! राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी चालतं. तरी लोक त्याचे पैसे मोजतात, काय बोलायचं. १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासकट चार ग्रंथालयांना पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रत पाठवायची असते, ती पाठवा.

हजार प्रती आणि मोठा सोहळा

हुतात्मा स्मृती मंदिराचं सभागृह बुक, स्टेजवर अकरा पाहुणे, हार, शाल, आणि दुसऱ्या दिवशी नऊशे प्रती कॉटखाली. आधी डिजिटल छपाईवर ५०-१०० काढा, खपल्या तर ऑफसेटचा, म्हणजे मोठ्या संख्येच्या छपाईचा, विचार करा. फुकट वाटू नका, फुकट पुस्तक कोण वाचत नाही.

पुस्तक खपतं ते तुम्ही बोलायला गेलात तिथं. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं, तेव्हा कॉलेजं, ड्रायव्हिंग स्कूल, एसटी डेपो वक्ते शोधत असतात, त्यांना डिसेंबरातच जाऊन भेटा कारण संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा लागली की गावात दुसऱ्या कशाला माणूस मोकळा नसतो. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये बाकड्यावर एक प्रत ठेवू द्याल का विचारा, तिथं माणसं तासभर बसून असतात. कॉलेजला जाताना यूपीआयचा क्यूआर मोठा छापून न्या, नाहीतर 'सर, सुट्टे नाहीत' म्हणत निम्मी पोरं तशीच निघून जातात.