बंद पडलेल्या स्टेशनचा इतिहास कसा शोधायचा

गावातलं जुनं स्टेशन बंद पडलंय, आवारात बाभळी माजल्यात आणि त्याची माहिती कुणीतरी लिहून ठेवायला हवी असं वाटतंय, तर सगळ्यात आधी ती लाइन कुठल्या कंपनीची होती ते बघा. कारण जुने कागद कंपनीप्रमाणे विखुरलेत. जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कारभार १९२५ ला सरकारकडे गेला आणि १९५१ ला ती मध्य रेल्वेत आली, मराठवाड्यात निजामाची रेल्वे, मिरजेकडे मद्रास अँड सदर्न मराठा, आणि कुर्डुवाडीची बार्शी लाइट तर १९५४ पर्यंत खाजगी कंपनीच होती.

मग गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ. इथे साल बघूनच उघडा, कारण इंग्रजांच्या काळातलं सोलापूरचं गॅझेटियर १८८४ चं आहे आणि बार्शीची लाइन सुरू झाली १८९७ ला, म्हणजे त्यात ती सापडणारच नाही, स्वातंत्र्यानंतरचं जिल्हा गॅझेटियर बघावं लागेल. ही गॅझेटियर्स ऑनलाइन मिळतात. मुंबईच्या पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फायली आहेत, रेल्वेचा बराच पत्रव्यवहार त्यात निघतो.

जागेवर जाल तेव्हा रूळ बघा. कुंपणाला किंवा पत्र्याच्या शेडला खांब म्हणून जुने रूळ उभे केलेले असतात, त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवरचा गंज ब्रशने हलक्या हाताने काढला की उठावाची अक्षरं दिसतात, बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल. पण ते साल म्हणजे स्टेशनचं साल नव्हे हां! रूळ एका लाइनवरून काढून दुसरीकडे वापरायचे. बोर्ड शिल्लक असेल तर समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट फोटो घ्या. जागा बहुतेक वेळा अजून रेल्वेचीच असते, म्हणून विचारून आत जा आणि काहीही उचलून आणू नका.

माझ्या मते खरा माल माणसांकडे असतो आणि तोच आधी संपतो, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका. रिटायर झालेले गँगमन, पॉइंट्समन, हमाल, टांगेवाले, आडत दुकानदार यांना गाठा. त्यांना "गाडी कुठल्या साली बंद झाली?" असं विचारलं की अंदाजाने काहीतरी सांगतात, त्यापेक्षा "७२ च्या दुष्काळात गाडी चालू होती का, किल्लारीच्या भूकंपावेळी होती का" असं विचारा, लगेच आठवतं. माल काय चढायचा, इंजिनात पाणी कुठून भरायचे, रात्री स्टेशनात कोण असायचं हेही विचारा. व्यापाऱ्यांच्या घरी जुन्या बिल्ट्या (रेल्वेने माल पाठवल्याच्या पावत्या) सापडतात, त्यावर स्टेशनचं नाव, तारीख, माल, वजन सगळं असतं. पुठ्ठ्याचं जुनं तिकीट मिळालं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

तारखांची गल्लत फार होते. लाइन सुरू झाली ती तारीख वेगळी, त्यावर स्टेशन झालं ती वेगळी, शेवटची गाडी गेली ती वेगळी आणि कागदोपत्री बंद झालं ती अजून वेगळी. चारही वेगळ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे कुठून कळलं तेही लिहा.

आणि का आलं, का गेलं हे शोधल्याशिवाय थांबू नका. विदर्भातली शकुंतला रेल्वे कापसासाठी टाकली होती. नॅरोगेजची (अरुंद रुळांची) वळणं ब्रॉडगेजला (रुंद रुळांना) चालत नाहीत म्हणून गेज बदलताना लाइन सरकते आणि जुनं स्टेशन बाजूला पडतं. कधी उलटंही होतं, धाराशिव शहर नॅरोगेजवर नव्हतंच, ब्रॉडगेज करताना लाइन वळवून ते जोडलं.

एवढं करूनही काही अडलं तर त्या विभागाच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, ऑनलाइनही होतो. "स्टेशनचा इतिहास द्या" असं मोघम लिहू नका, स्टेशन बंद केल्याच्या आदेशाची प्रत आणि यार्डाचा नकाशा असं नेमकं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.